पंचवीस मिनिटांचा धनी

मित्रांनो, आकाशातून विमान गेले की तुम्ही माना वर करून हात हलवता. माझ्याकडे मात्र कुणाचे लक्ष जात नाही, कारण माझी जागा जमिनीवर, तीही चाकापाशी. मी एक जुना रबरी ठोकळा आहे. उभे विमान मागेपुढे सरकू नये म्हणून मला चाकाला टेकवतात. झिजलेल्या टायरांचे रबर साच्यात दाबून मला घडवले. माझा एक जुळा भाऊ होता. तो चाकाच्या पुढे, मी मागे, आणि मध्ये आम्हां दोघांना बांधणारी एक दोरी.

आमची कंपनी स्वस्त तिकिटांची. उभे विमान म्हणजे बसून खाणारा जावई, असे तिथले लोक म्हणत. म्हणून उतरलेले विमान पंचवीस मिनिटांत पुन्हा निघाले पाहिजे, हा नियम. दोन्ही दारांना जिने लागत, खाली बॅगा निघत, आत हवाई सुंदऱ्याच कचरा उचलत आणि खुर्च्यांचे पट्टे सरळ करत. पण हे सगळे मी चाकाला लागल्यावर. तोवर कुणी विमानाजवळ फिरकत नसे. एवढा मान किती ठोकळ्यांच्या वाट्याला येतो?

तो मान मला आम्हांला चाकाला लावणाऱ्या ताईने मिळवून दिला. मला चाकाला लावले की ती वाकून टायर आणि माझ्यामध्ये अंगठा घालून फट जास्त नाही ना ते बघे. मगच वर वैमानिकाला खूण करी. उतरताना ब्रेक तव्यासारखे तापतात. आम्ही लागल्याची खूण मिळाली की वैमानिक ब्रेक सोडून ते निवू देतात. तेवढा वेळ अख्खे विमान आमच्या भरवशावर उभे असते.

आमच्या साहेबांच्या गळ्यात घड्याळ असे. उशीर झाला की तो कुणाच्या तरी नावावर लिहायचा, अशी तिथली रीत. त्या महिन्यात ताईचे नाव दोनदा लागले होते. आणखी एकदा लागले तर तिला आत बॅगांच्या पट्ट्यावर पाठवू, असे साहेबांनी बजावले होते. ताईच्या ते फार जिव्हारी लागले. तिची लेक शाळेत सगळ्यांना सांगे, माझी आई विमान धरून ठेवते. आता लेकीला काय सांगायचे, हा तिला घोर.

ताईच्या जोडीला एक गडी होता. त्याच्या पायाला चाके, म्हणून सगळे त्याला भिंगरी म्हणत. एका दुपारी शेवटची बॅग चढताच ताईचा एक मिनिट वाचावा म्हणून त्याने दोरी ओढून आम्हांला आधीच बाजूला घेतले. वैमानिकाला विचारायचे राहून गेले. मागच्या जिन्यावर अजून माणसे चढत होती. नातीचा हात धरलेले एक आजोबा मधल्या पायरीवर दम खात होते.

ताईची नजर चाकाकडे गेली. ती धावत आली आणि तिने मला मागून सारून घट्ट बसवले. तिचा हात निघतो न निघतो तोच वाऱ्याचा मोठा झोत आला. विमान मागे रेलले आणि सगळा भार माझ्यावर आला. मित्रांनो, मी घाबरलो होतो. पण हललो नाही. आजोबा नातीला घेऊन आत गेले. काय टळले ते त्यांना कळलेही नाही.

मी मात्र चाकाखाली असा रुतलो की ओढून निघेना. शेवटी ट्रॅक्टरने विमान जरासे पुढे ओढावे लागले. त्यात चार मिनिटे गेली. साहेबांनी वही काढली आणि ताईकडे पाहिले. ताईने हातमोजे काढले.

"ठोकळे मी काढले होते, साहेब," भिंगरी मान खाली घालून म्हणाला. "तिनं परत लावला, म्हणून बरं झालं."

एवढ्यात त्या विमानाच्या वैमानिक, कॅप्टनबाई, जिना उतरून आल्या. त्यांनी चाकाशी वाकून माझ्या पाठीवर पडलेली खोक पाहिली.

"ब्रेक मी सोडून ठेवले होते," त्या म्हणाल्या. "ही चार मिनिटं माझ्या नावावर लिहा. आणि या बाईंना इथून हलवू नका."

साहेबांनी तसेच लिहिले. दुसऱ्या दिवसापासून त्यांचे घड्याळ ताईचा अंगठा बाहेर आल्यावरच सुरू होऊ लागले. ताईने ते घरी सांगितले असेल, याची मला खात्री आहे.

पुढे मला तडे गेले. दोरी तुटली, भाऊ कुठे गेला ते कळले नाही. पिवळे नवे ठोकळे आले आणि मी भंगारात पडलो. पावसापाण्यात दोन वर्षे कुणी विचारले नाही. मग एके दिवशी भिंगरीने मला शोधून काढले, धुतले आणि कामगारांच्या खोलीच्या दाराला लावले. तेव्हापासून मी दार धरून ठेवतो. काम हलके आहे, आणि चहाचा वास येतो.

मित्रांनो, घाई जरूर करा, जग घाईवर चालते. फक्त, जो तुमच्यासाठी क्षणभर थांबतो, त्याच्यावर चिडू नका. आता नव्या माणसांना शिकवायचे काम भिंगरीकडे आहे. कामाच्या पहिल्या दिवशी तो प्रत्येकाला माझ्यापाशी वाकवतो आणि माझ्या पाठीवरच्या खोकेत त्याचा अंगठा ठेवतो.

"हे आधी," तो म्हणतो. "मग हवं तेवढं धाव."