स्क्रूंची आवक-जावक

कार्यालयात कॉम्प्युटर सहा होते आणि त्यांच्याविषयीचे नियम एकोणीस. प्रत्येकाच्या पाठीवर चंदेरी सील होतं: अधिकृत तंत्रज्ञाखेरीज कोणी उघडल्यास कारवाई होईल. अधिकृत तंत्रज्ञ मुख्यालयात बसत. त्यांना बोलवायचं तर तक्रारीचा फॉर्म भरायचा, आणि तो फॉर्म बिघडलेल्या कॉम्प्युटरवरूनच भरायचा असा तेरावा नियम होता. त्यामुळे कॉम्प्युटरला मधेच बरं वाटलं की सगळे काम टाकून धावत आणि तेवढ्यात फॉर्म भरून घेत. तंत्रज्ञ मग पाचेक महिन्यांनी उगवत.

हे जन्म-मृत्यू नोंदणीचं कार्यालय. कॉम्प्युटर बसला की खिडकीपुढच्या माणसांचा जन्मही अडे आणि मरणही. एकदा तर एका कॉम्प्युटरची तारीख आपोआप वीस वर्षं मागे गेली आणि आठवडाभर जन्मलेली सगळी बाळं आयांच्या लग्नाआधीची निघाली. खिडकीवर जे महाभारत झालं ते विचारू नका.

आवक-जावकच्या टेबलावर बसणाऱ्या बाईंना सगळे आवकताई म्हणत. आलेल्या प्रत्येक कागदाला नंबर द्यायचा, गेलेल्या प्रत्येक कागदाची नोंद करायची, हे त्यांनी सव्वीस वर्षं केलं होतं. रजिस्टरात एक खोटी ओळ नाही. मुख्यालयाने तीन दिवसांचं कॉम्प्युटर प्रशिक्षण काढलं तेव्हा ताईंनी अर्ज दिला. हेडक्लार्क भाऊसाहेबांनी तो वाचून परत केला.

"आवक-जावकला कॉम्प्युटर कशाला? शिक्का मारता येतो ना?"

प्रशिक्षणाला भाऊसाहेब स्वतः गेले. येताना प्रमाणपत्र घेऊन आले, ते लॅमिनेट केलं आणि खुर्चीमागे टांगलं. त्यानंतरही कॉम्प्युटर चालू करायचा असला की ते टायपिस्टबाईंना हाक मारत. पण ती हाक आता प्रमाणपत्रधारकाची होती.

ताईंना ते 'शिक्का मारता येतो ना' लागलं. शनिवारी त्या भंगारवाल्याकडे गेल्या, एक मेलेला कॉम्प्युटर घरी आणला आणि जेवणाच्या टेबलावर मांडला. फोनवरच्या व्हिडिओतला माणूस भराभर बोले. ताई त्याला दर वाक्याला थांबवत आणि वहीत लिहून घेत. नवरा आठ महिने ओट्याशी उभा राहून जेवला, पण हूं की चूं केलं नाही. सासूबाई मात्र रोज विचारत, "काय गं, पेशंटने डोळे उघडले का?"

पेशंट उघडून पुन्हा बंद केला तेव्हा पहिल्या खेपेला पाच स्क्रू उरले. दुसरा कोणी असता तर त्याने डबीत टाकून दिले असते. ताईंना रात्रभर चैन पडलं नाही. जे आलं ते गेलंच पाहिजे, नाही तर हिशेब तुंबला! दुसऱ्या दिवशी त्यांनी नवी वही घेतली, रेघा मारल्या आणि निघणाऱ्या प्रत्येक स्क्रूला आवक क्रमांक दिला: कुठून आला, कोणासोबत आला, काय म्हणून आला. बसवताना जावक. त्या दिवसापासून स्क्रू उरला नाही, आणि कुठला भाग कशासाठी असतो हेही वहीतूनच उलगडत गेलं. आठव्या महिन्यात पेशंटने डोळे उघडले. सासूबाई म्हणाल्या, आता त्याला घरी सोड आणि आम्हाला टेबल दे.

मग कार्यालय. जेवणाच्या सुट्टीत सगळे बाहेर गेले की ताई केस वाळवायचं यंत्र काढत, सीलवर गरम हवा सोडून ते अलगद सोडवत, काम झालं की परत चिकटवत. मेमरीची पट्टी खोडरबराने घासली की मुका कॉम्प्युटर बोलू लागे. पंख्यातली धूळ काढली की तापट कॉम्प्युटर शांत होई. तारीख विसरणाऱ्याला पोटातला नाण्याएवढा सेल बदलला की शुद्ध येई. दर वेळी वहीत नोंद: दिनांक, बिघाड, उपाय, स्क्रू आवक, स्क्रू जावक.

तीस महिने कार्यालयातून एकही तक्रार गेली नाही. भाऊसाहेब येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, प्रशिक्षणाचा परिणाम. आयत्या बिळावर नागोबा तो हाच. ताई ऐकत आणि शिक्का मारत.

एके सकाळी मुख्यालयाचं पत्र आलं. ताईंनीच त्याला आवक क्रमांक दिला आणि देता देता वाचलं. ज्याअर्थी सदर कार्यालयाकडून तीस महिन्यांत एकही तक्रार प्राप्त नाही, त्याअर्थी संगणक वापरात नाहीत. तपासणी करून सहाही परत घ्यावेत. कॉम्प्युटर गेले की नोंदी पुन्हा हातांनी, खिडकीवरची रांग पुन्हा जिन्यापर्यंत. पण खरं सांगायचं तर त्यांना रांगेचं नव्हतं वाईट वाटत. आयुष्यात एक गोष्ट त्यांनी स्वतःच्या डोक्याने मिळवली होती आणि तीच आता टेम्पोत घालून नेणार होते.

टायपिस्टबाईंना सगळं ठाऊक होतं. त्या म्हणाल्या, एखादा बिघडवून ठेवा की, तुम्हाला काय अवघड! ताईंनी दुपारी दार लोटून मेमरीची पट्टी उपसली. तिच्यावर धूळ दिसली. त्यांनी ती घासली, पुसली आणि सवयीने परत बसवली. कॉम्प्युटर आधीपेक्षा जोरात पळू लागला.

तपासनीस आले ते टेम्पो घेऊनच. त्यांचं म्हणणं साधं होतं: वापरातली वस्तू बिघडते, तुमच्या वस्तू बिघडत नाहीत, म्हणजे वापरात नाहीत. भाऊसाहेबांनी निगा, प्रशिक्षण, शिस्त वगैरे सांगितलं. तपासनिसांनी विचारलं, निगा म्हणजे नेमकं काय करता? भाऊसाहेब म्हणाले, रोज त्यांच्यावर फडकं झाकतो.

"म्हणजे झाकूनच ठेवता," तपासनीस म्हणाले आणि त्यांनी तसं लिहून घेतलं.

टेम्पोवाला पहिल्या कॉम्प्युटरची वायर काढायला वाकला. ताईंनी खण उघडला. ती वही दाखवली तर कॉम्प्युटर वाचत होते आणि ताई बुडत होत्या. सील फोडल्याचे एक्केचाळीस कबुलीजबाब त्यांनी स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहून ठेवले होते. त्यांनी वही तपासनिसांपुढे ठेवली.

"बिघडतात साहेब. वापरतो म्हणूनच बिघडतात. सगळं लिहिलेलं आहे."

तपासनिसांनी पहिलं पान वाचलं, मग दुसरं, मग खुर्ची ओढून बसले. एका ठिकाणी बोट ठेवून त्यांनी विचारलं, हा नऊ नंबरचा स्क्रू जावक दिसत नाही. ताई म्हणाल्या, पान उलटा, तो गंजला होता, बदली आणला. अर्ध्या तासाने त्यांनी वही मिटली. कॉम्प्युटर वापरात आहेत याविषयी त्यांची खात्री पटली होती. टेम्पो रिकामा जाणार होता. मात्र सील फोडल्याबद्दल आवकताईंना मेमो द्यावा लागणार होता, आणि तो आजच, समक्ष, तीन प्रतींत.

मेमो टाइप झाला. प्रिंटरने घुर्र केलं, कागद अर्धा गिळला आणि बंद पडला. कार्यालयात सगळ्यांना बरं वाटलं. तपासनिसांची गाडी पाचला होती, आणि मुख्यालयातून टपालाने येणारा मेमो म्हणजे ताई निवृत्त झाल्यावर येणारा मेमो. टायपिस्टबाईंनी टेबलाखालून ताईंचा पाय दाबला. भाऊसाहेबांनी प्रमाणपत्राकडे पाठ करून प्रिंटरला दोन चापट्या मारल्या. पाचला वीस मिनिटं होती.

ताईंनी चार मिनिटं हात मांडीवर धरून ठेवले. मग त्या उठल्या, स्क्रूड्रायव्हर काढला. प्रिंटरलाही सील होतं. तपासनीस उठले आणि खिडकीकडे तोंड करून रस्त्यावरची रहदारी पाहू लागले. रबरी रुळामागे नखाएवढा कपटा अडकला होता. तो निघाला, रूळ ओल्या फडक्याने पुसला, चार स्क्रू आवक, चार स्क्रू जावक. मेमो सरसर बाहेर आला.

ताईंनी तो उभ्यानेच वाचला. 'सदर कर्मचारी यांनी कोणत्याही प्रशिक्षणाविना व कोणाच्याही मार्गदर्शनाविना, या कार्यालयातील यंत्रे एकूण एक्केचाळीस वेळा स्वहस्ते उघडून पूर्ववत चालू केल्याचे निदर्शनास आले आहे.' खाली खुलासा तीन दिवसांत, वगैरे. त्या ओळीपाशी त्यांचे डोळे भरून आले. एकोणतीस वर्षांत त्यांच्याविषयी इतकं चांगलं कोणी लिहिलं नव्हतं, तेही सही-शिक्क्यानिशी.

"साहेब, आकडा चुकलाय," त्या म्हणाल्या. "बेचाळीस. प्रिंटर धरून."

तपासनिसांनी खिडकीवरून मान वळवली, ताईंकडे पाहिलं आणि टायपिस्टबाईंना आकडा बदलायला सांगितलं. नव्या प्रती निघाल्या. ताईंनी मागितली म्हणून एक जास्तीचीही काढली. त्यांनी आपल्या प्रतीला आवक क्रमांक दिला, पोच सही केली, जास्तीची प्रत घडी न घालता फाइलमध्ये ठेवली आणि भाऊसाहेबांच्या टेबलाशी गेल्या.

"भाऊसाहेब, तुम्ही ते लॅमिनेट कुठून करून घेतलंत?"