आधी माझ्या हातावर

"मशीन मेलंय," एगॉन म्हणाला आणि त्याने करंट देणाऱ्या यंत्राच्या पेटीवर टिचकी मारली.

थोराबाई पलंगावर कुशीवर पडल्या होत्या. उजवा खांदा उघडा, बाकी अंगावर चादर. "मेलं असेल तर मला कॉफी दे. पिऊन घरी जाते," त्या भिंतीकडे तोंड करूनच म्हणाल्या.

एगॉनने स्वतःच्या डाव्या मनगटाच्या वर दोन पॅड चिकटवले होते. करंटचं बटण त्याने थोडं फिरवलं, मग आणखी थोडं. झिणझिण्या नाहीत, मुंग्या नाहीत. वायर बदलून पाहिली. कपाटातलं दुसरं मशीन काढलं. तेही तसंच. शेवटी त्याने शेजारच्या खोलीतून सिग्नेला हाक मारली. दवाखान्यात ती दोघंच फिजिओथेरपिस्ट. सिग्ने त्याच्या मुलीच्या वयाची होती, पण कामाला पक्की. तिने बटण शून्यावर आणलं, पॅड आपल्या हाताला लावले आणि बटणाला बोट टेकवलं.

"आलं," ती लगेच म्हणाली. बटण जेमतेम हललं होतं. "चांगलंच येतंय की, एगॉन."

"मग माझी कातडी गेंड्याची झाली म्हणायची," एगॉन हसला.

"ती पहिल्यापासून आहेच," थोराबाई भिंतीला म्हणाल्या. सिग्नेही हसली. खांद्याला पॅड लागले, थोराबाईंनी "हं, पुरे" म्हणताच बटण थांबलं, आणि नेक्सोच्या त्या छोट्या दवाखान्यातली सकाळ पुढे सरकली. एगॉन तेवढा मागेच राहिला.

बॉर्नहोम बेटाच्या त्या किनाऱ्यावर एगॉनच्या हाताखालून गेला नाही असा म्हातारा खांदा क्वचितच सापडला असता. मासळीच्या कारखान्यात उभ्याने आयुष्य काढलेल्या बायका, दगडाच्या खाणीतले पुरुष, बोटींवरचे खलाशी, सगळ्यांना त्याची एक सवय ठाऊक होती. करंट आधी तो स्वतःच्या हातावर लावून बघायचा आणि मग रोग्याला द्यायचा. पुस्तकात असं काही सांगितलेलं नव्हतं. पुस्तकात होतं ते तो करतच असे: हृदयात पेसमेकर आहे का विचारायचं, पोटुशी बाई असेल तर पोटाकमरेपासून लांब राहायचं, गळ्यावर पुढून कधी लावायचं नाही, कातडीला जाण आहे ना ते आधी तपासायचं. पण लोक येत ते त्या सवयीमुळे. "आधी माझ्या हातावर," तो म्हणे, आणि घाबरलेला माणूस सैल पडे.

जेवणाच्या सुटीत सिग्ने बाहेर गेल्यावर त्याने खोलीचं दार लावून घेतलं. एका काचेच्या नळीत गरम पाणी भरलं, दुसरीत गार. डोळे मिटून त्याने नळ्या टेबलावर फिरवल्या, मग एक उचलून हाताला लावली. कोणती, कळेना. दुसरी लावली. तीही कळेना. उजव्या हाताची बोटं जरा बरी होती, पण त्यांच्यातही हातमोजा घातल्यासारखं काहीतरी मधे होतं. मग त्याने पुन्हा पॅड लावले आणि बटण नेहमीच्या पुढे नेलं. त्याची बोटं उडू लागली. समोर टेबलावर ती आपली आपण नाचत होती, आणि त्याला त्यातलं काही म्हणजे काही जाणवत नव्हतं. त्याने घाईघाईने बटण मागे फिरवलं.

त्यानंतर त्याला चैन पडेना. खुर्चीत बसला की उठे, उठला की कशासाठी उठलो ते विसरे. दिसेल त्या वस्तूला हात लावून बघायची त्याला खोड जडली. बंदराचा दगडी कठडा, गाडीचं तापलेलं बॉनेट, बेकरीतल्या राय धान्याच्या पावाची पाठ. रविवारी तो उगाचच गाडी घेऊन निघाला, बेटाला एक फेरी मारली आणि दुपारच्या आत परत आला. त्याची बायको बोडिल म्हणाली, "काय शोधायला गेला होतास?"

"काही नाही. वारा खायला."

"वारा इथे कमी आहे का?"

हे बोडिलला सांगावं असं त्याच्या अगदी ओठावर आलं होतं. त्याऐवजी त्याने अंगणात जाऊन आधीच रचलेली लाकडं पुन्हा रचली.

डॉक्टरकडे जायचं ते तो पुढे ढकलत राहिला. वसंताचे दिवस, बागा खणून लोकांच्या कमरा धरायला लागलेल्या. दवाखाना भरलेला. आणि या गर्दीत एगॉन पूर्वीसारखाच पॅड आधी आपल्या मनगटाला लावत होता, क्षणभर डोळे बारीक करत होता आणि मान डोलवत होता. "छान. आता तुम्ही." माणसं सैल पडत होती. पहिल्यांदा त्याला स्वतःची लाज वाटली. पुढे पुढे ती मान आपोआप डोलू लागली, त्याची त्याला भीती वाटू लागली.

थोराबाई पुन्हा आल्या त्या दिवशी त्याने खोक्यातले पॅड काढले, बोट फिरवून पाहिले आणि मनगटाला लावून मान डोलवली. एका पॅडची कड सुकून ताठ झाली होती. पूर्वी ती त्याच्या बोटाला तेव्हाच खुपली असती. त्याने ते पॅड खांद्याला चिकटवले आणि बटण फिरवलं.

"कसं वाटतंय?"

"आहे," थोराबाई म्हणाल्या.

"जास्त नाही ना?"

"तू बघितलंयस ना? मग असू दे."

तो पलीकडच्या पडद्याआड एका सुताराच्या गुडघ्याकडे गेला. तिथून खिडकीशी, तिथून बेसिनशी. हात धुतले, पुसले, परत धुतले. मधे एकदा पडद्यातून डोकावून "ठीक?" विचारलं, पलंगावरून "हं" आलं. वेळ संपला तेव्हा तो पुढे आला आणि थोराबाईंचा चेहरा त्याने पहिल्यांदा नीट पाहिला. तो राखेसारखा झाला होता. ओठ घट्ट मिटलेले, चादरीचं टोक मुठीत.

त्याने पॅड उचलला. खाली लालभडक डाग होता आणि मधोमध फोड धरत होता.

"थोराबाई! बोलला का नाहीत?"

"तू आधी तुझ्या हातावर लावून बघितलंस ना?" त्या दमून म्हणाल्या. "मी म्हटलं, त्याला सोसतंय तर मी कशाला बोंब मारू? एवढं भाजत असेलच."

 एगॉनने सिग्नेला हाक मारली. ती येईपर्यंत ओल्या गार फडक्याने त्याने डाग झाकला होता, पण फडकं किती गार आहे ते त्याने सिग्नेलाच बघायला लावलं.

"पॅड सुकला होता, करंट सगळा एकाच जागी गेला," सिग्ने म्हणाली. तिने तो बोटावर घेतला होता. "एगॉन, हे तुमच्या लक्षात कसं आलं नाही?"

"मला हाताला कळत नाही," तो म्हणाला. "बरेच दिवस झाले. मी नुसतं नाटक करतोय."

पडद्याच्या त्या बाजूला सुतार होता, त्यालाही ते ऐकू गेलं. एगॉनने आवाज खाली आणला नाही. थोराबाई पाठमोऱ्या होत्या, त्यांनी मान वळवली नाही. सिग्नेने त्यांना आपल्या गाडीत घालून डॉक्टरकडे नेलं. काय झालं ते एगॉनने स्वतःच्या हाताने लिहून वर आरोग्य खात्याला कळवलं, उरलेल्या रोग्यांना येऊ नका म्हणून फोन केले आणि पांढरा डगला काढून ठेवला.

त्या संध्याकाळी त्याने बोडिलला सगळं सांगितलं. ती आधी चिडली, मग त्याचा हात हातात घेऊन बसली. तिने तो दाबला असावा, असं त्याला तिच्या बोटांकडे बघून वाटलं.

रन गावच्या मोठ्या इस्पितळात निदान झालं: मानेच्या मणक्यांची वाढ होऊन मज्जारज्जू दाबला गेला होता. मानेचं दुखणं आणि अडखळतं चालणं तो वयावर ढकलत आला होता, तेही त्यातलंच. ऑपरेशन करून पुढचं थांबवता येईल, डॉक्टर म्हणाले, पण गेलेलं परत येईल याची खात्री नाही.

ऑपरेशनला जायच्या आधी तो थोराबाईंच्या घरी गेला. त्या स्वयंपाकघरात बटाटे सोलत होत्या. खांद्यावर पट्टी होती. त्यांनी त्याला बस म्हटलं नाही, पण खुर्चीवरचं मांजर हाकललं.

"जखम कशी आहे?"

"भरतेय. व्रण राहील म्हणाला डॉक्टर. या वयात मला खांदा कुणाला दाखवायचाय?" त्यांनी एक बटाटा पाण्यात टाकला. "जखमेचं काही नाही रे. ते नाटक का केलंस?"

एगॉनने उत्तर जुळवायचा प्रयत्न केला. "वाटलं, तुम्हाला कळलं तर तुम्ही सगळे दुसरीकडे जाल."

"दुसरीकडे? या बेटावर?" थोराबाईंना हसू आलं, पण त्यांनी ते पुरतं येऊ दिलं नाही. "मी तिथे भिंतीकडे बघत भाजत होते आणि मनात म्हणत होते, बिचारा एगॉन, दिवसभर प्रत्येकासाठी एवढं सोसतो."

 माझी चूक झाली, एवढंच तो म्हणाला. थोराबाईंनी मान हलवली. ती क्षमा होती की नुसतं ऐकल्याची खूण, त्याला समजलं नाही. निघताना त्या म्हणाल्या, "त्या पोरीला सांग, हात ऊन करून लावत जा म्हणावं. बर्फासारखे असतात."

त्याने ते सांगितलं.

ऑपरेशन नीट पार पडलं. चालणं सुधारलं, मानेचं दुखणं गेलं. शरद ऋतूत तो दवाखान्यात परत आला तो रोगी म्हणून. बाहेर बाकावर आपला नंबर येईपर्यंत बसला. शेजारी तोच सुतार होता. त्याने सरकून जागा दिली आणि दोघे हवेबद्दल बोलले.

सिग्नेने त्याला टेबलाशी बसवलं. हात उताणा ठेवायला सांगितलं.

"डोळे मिटा. टोकदार वाटलं तर टोकदार म्हणा, बोथट वाटलं तर बोथट. अंदाजाने बोलायचं नाही."

"मला शिकवतेस?" तो म्हणाला, आणि त्याने डोळे मिटले.

बाहेर कुणीतरी सायकल उभी केली. बाकावर सुतार खोकला. एगॉन उघडा तळवा टेबलावर ठेवून वाट बघत राहिला.

"हं, कर सुरू," तो म्हणाला.

सिग्ने काही बोलली नाही. तिच्या खुर्चीचाही आवाज आला नाही. तिचा श्वास मात्र जवळून, त्याच्या हातावर वाकल्यासारखा ऐकू येत होता.

म्हणजे तिने केव्हाच सुरू केलं होतं. टोकदार म्हणावं की बोथट, दोन्ही शब्द त्याच्या तोंडाशी आले होते. डोळे न उघडता त्याने हात आणखी थोडा तिच्याकडे सरकवला.

"कळत नाही," तो म्हणाला. "तसंच लिही."