नऊ तासांचा डबा

“काका, तमे पण काटा पर चढो,” सुरत विमानतळावरची मुलगी म्हणाली, आणि वासुदेव राऊत दचकले. डहाणू स्टेशनच्या पार्सल ऑफिसात एकतीस वर्षं चिकूच्या करंड्या तोलणाऱ्या माणसाला काट्यावर चढायला सांगणारं आजवर कुणी भेटलं नव्हतं.

“माणसाचंही वजन?”

“विमान नानुं छे, काका. नव ज सीट.”

विमान लहान, सीट नऊच; डहाणूच्या माणसाला एवढी गुजराती समजावून सांगावी लागत नाही. ते चढले. एकसष्ट किलो. पेपरात पास झाल्यासारखे खूश झाले.

गेले आठ दिवस ते भेटेल त्याला सांगत होते. “सुरत ते भावनगर रस्त्याने साडेतीनशे किलोमीटर, नऊ तास. विमानाने नव्वद, अर्धा तास. रस्ता आखाताला वळसा घालतो, विमान सरळ जातं.”

“मग डबा कशाला करता?” शेजारचा चिमण म्हणाला होता. “चढताना घास घ्याल तो उतरल्यावर गिळाल.”

पण भावनगरला जायचं म्हणजे दशम्या, ही त्यांच्या बायकोची, वसुमतीची रीत. ती गेल्याला दोन वर्षं झाली होती, म्हणून या वेळी दशम्या त्यांनीच थापल्या होत्या, वाकड्यातिकड्या.

वसुमतीला सकाळी सहाला झटका आला, तेव्हा त्यांनी लगेच लेकीला, स्वप्नाला, भावनगरला फोन केला होता. वसुमती दुपारी दोनपर्यंत दाराकडे बघत होती, मग गेली. लेक पोचली संध्याकाळी. आई किती वेळ होती, हे तिने कधी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. आता तिला मुलगी झाली होती. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, पण माहेरी आई नव्हती. “बाबा, नाव ठेवताना आपलं एक तरी माणूस हवं,” एवढंच ती म्हणाली होती. बारसं साडेअकराला होतं.

“बे किलो वधारे,” मुलगी म्हणाली.

सामान दोन किलो जास्त भरलं होतं. चिकूची करंडी त्यांनी स्टेशनवर नीट तोलून आणली होती, विमानात चालतात तेवढे बरोबर दहा किलो. डबा धरायचाच राहिला होता. पार्सलवाल्याने असली चूक करावी म्हणजे कमालच. मुलीने डब्याकडे बोट दाखवलं. वासुदेवांनी मात्र करंडीचं तोंड सोडलं आणि रांगेतल्या सगळ्यांच्या हातावर मिळून दोन किलो चिकू ठेवले.

विमान उडालं तसं त्यांनी घड्याळ हातात धरलं. खाली मातकट पाणी पसरलं होतं. दुसरा किनारा दिसला तेव्हा त्यांना हसू आवरेना. एकोणतीस मिनिटं.

अकराच्या आत ते दारात उभे होते. जावई विपुल करंडी घेऊन आत गेला. स्वप्नाने बाळ त्यांच्या हातात दिलं. साडेतीन किलो, त्यांनी मनात तोललं.

“बाबा, अर्धाच तास लागला ना?” तिने विचारलं. मग खालमानेने म्हणाली, “हे विमान तेव्हा असतं तर मी पोचले असते?”

“घरून पाचला निघालो, आता अकरा होतायत. सहा तास धर.”

“आणि आई किती वेळ होती?”

वासुदेवांनी बाळाचं टोपडं सारखं केलं.

“चार तास,” ते म्हणाले. “विमान असतं तरी पोचली नसतीस, पोरी.”

 स्वप्नाने त्यांचा डबा उघडला आणि एक वाकडी दशमी मोडून खायला लागली.