खुर्चीशेजारची जागा

धाकटी जाऊ करिष्मा सासूबाईंच्या, म्हणजे आत्याबाईंच्या, खुर्चीला खेटून उभी राहिली आणि संगीताच्या अंगाचा तिळपापड झाला. ही बया सणासुदीला घोरावाडीहून पाहुण्यासारखी येणार, पर्समधून बाम काढून आत्याबाईंच्या गुडघ्यांना चोळणार, की झाली लाडकी! आणि बारा महिने त्यांचं दुखणंखुपणं काढणारी थोरली सून कुठं? तर पार दुसऱ्या टोकाला, चुलत सासऱ्यांच्याही पलीकडं.

तुंगार्ली तलावाच्या काठावर सगळी भावकी अर्धगोलात उभी होती. मधोमध तिपाईवर भाचा प्रितमचा रोलचा कॅमेरा. तो जागच्या जागी सावकाश फिरत या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळ्यांना एकाच लांबलचक फोटोत घेणार होता.

"रोल एकच हाय," प्रितम ओरडला. "कॅमेरा पुढं गेला तरी कुणी हलायचं न्हाई, बोलायचं न्हाई!"

संगीताच्या डोक्यात किडा वळवळला. कॅमेरा तिच्यापासूनच निघणार होता. तो पुढं सरकला की मागून पळायचं आणि तो पोचायच्या आत आत्याबाईंच्या दुसऱ्या अंगाला उभं राहायचं. मग भिंतीवर लावलेल्या फोटोत करिष्मा एकटीच मिरवायची नाही.

कॅमेरा घरघरला, तिच्यावरून पुढं गेला. संगीतानं पदर खोचला आणि वाकून माणसांच्या पाठीमागून जी धूम ठोकली! धापा टाकत खुर्चीजवळ पोचली, तर खुर्ची रिकामी. तेवढ्यात कॅमेऱ्यानं तिच्याकडं तोंड वळवलं.

आत्याबाई काठी टेकत, माणसांच्या पुढून, संगीताच्या टोकाकडं निम्मं अंतर चालून गेल्या होत्या. हलू नका म्हटल्यामुळं त्यांना कुणी अडवलंही नव्हतं.

"आगं, थोरली कुटं गेली?" रिकाम्या टोकाकडं बघत त्या म्हणाल्या. "तिला माज्याजवळ आणाय उठले, तर ही तितं न्हाईच!"



काही दिवसांनी फोटो धुऊन आला. एका टोकाला संगीता, दुसऱ्या टोकाला रिकाम्या खुर्चीशेजारी पुन्हा संगीता. मधे आत्याबाई, कॅमेऱ्याच्या उलट दिशेनं चालत्या असल्यामुळं काडीसारख्या बारीक आलेल्या, एक हात पुढं केलेला.

"ताई, सगळीकडं तुम्हीच की हो!" करिष्मा हसली.

खुर्चीच्या दुसऱ्या अंगाला करिष्माही आत्याबाईंवाचूनच उभी होती, पण संगीताला त्याचंही सुख होईना. सबंध भावकीत दोनदा आलेली ती एकटीच होती, आणि आत्याबाईंजवळ एकदाही नव्हती.