प्यादी बाहेरून मागवली होती

नेऱ्याच्या रस्त्याला पूर्वी जिथे भातखाचरं होती, तिथे आता सुवर्णशृंग नावाची सोसायटी उभी आहे. तिच्या क्लबहाऊसमध्ये दर रविवारी मी मुलांना बुद्धिबळ शिकवायला जायचे. शिकवू द्यायचं की नाही, हा आयांच्या मर्जीचा प्रश्न होता. मी जास्मीन, पनवेलच्या मोहल्ल्यातली. मला हा खेळ अब्बांनी आमच्या छत्र्यांच्या दुकानात, गिऱ्हाईक नसताना शिकवला. यानं पोरीचा आयक्यू किती वाढेल, असं त्यांनी कोणाला विचारल्याचं आठवत नाही.

सुवर्णशृंगमध्ये पहिला प्रश्न तोच असायचा. दुसरा, सर्टिफिकेट कधी मिळेल. एक बाई तर दात येत असलेल्या बाळाला घेऊन आल्या होत्या. बाळ पटावरचा उंट चघळत होतं. "बघा मॅडम, त्याला किती आवड आहे," त्या म्हणाल्या. मी लाळ पुसून उंट परत घेतला.

यंदा सोसायटीच्या वार्षिक दिनाला माणसांचं बुद्धिबळ खेळायचं ठरलं. अंगणात काळ्या-पांढऱ्या फरशांचा पट, त्यावर मोहरे म्हणून मुलं, आणि वरून ड्रोननं व्हिडिओ. ही कल्पना विनिता मॅडमची. त्या सांस्कृतिक समितीच्या प्रमुख आणि माझ्या क्लासातल्या भाविकाच्या आई. मी भाबडी, खूश झाले. मला वाटलं, निदान या निमित्तानं आईबाप पटाकडे बघतील तरी.

ते बघायला लागले आणि तिथेच घोडं पेंड खाऊ लागलं. पटावर बत्तीस मोहरे, त्यांत निम्मी प्यादी, ही बातमी त्यांना मीटिंगमध्ये कळली. "फी सगळ्यांनी सारखीच भरलीय, मग माझाच मुलगा प्यादं का?" एक गृहस्थ उठून म्हणाले. "प्यादी थोडी कमी करता येतील का?" दुसऱ्यांनी विचारलं. विनिता मॅडमनी तर सुचवलं की सगळ्यांनाच वजीर करू, म्हणजे कोणाच्या मनावर परिणाम होणार नाही. अडाणीपणाला डिग्री लागत नाही, पण डिग्री असली की तो माईकवरून बोलतो.

मग चेअरमन दयारामशेठ उठले. शेठ इथलेच. बापजाद्यांची जमीन विकून त्यांनी न्हावा शेव्याच्या बंदरात ट्रेलर लावले, मग खाडीत भराव घालून आणखी जमीन केली. नातवाचं, म्हणजे माझ्या क्लासातल्याच एका मुलाचं, नाव ठेवलं उदयसिंह. घराण्यात आजवर कोणी तलवार पाहिली नव्हती, पण नावाला कुठे लायसन लागतं?

"म्याडम, आपला उदयसिंग राजा व्हनार," ते म्हणाले. "पन तो मरनार नाय ना?"

"राजाला कधीच मारत नाहीत, शेठ. तो शेवटपर्यंत पटावरच असतो."

"मंग झाला तर."

मी खोटं काहीच बोलले नव्हते. पण ते ऐकून सगळ्यांनाच ती सवलत हवीशी झाली. आमच्या घोड्याला मारू नका, आमचा हत्ती तापातून उठलाय. मी म्हटलं, अहो, मग मरणार कोण? "प्यादी बाहेरून मागवू," विनिता मॅडम म्हणाल्या. बिर्याणी बाहेरून मागवू म्हणावं, तितक्या सहज.

शेजारी सोसायटीच्याच नव्या विंगचं काम चालू होतं. तिथल्या मजुरांची पोरं दिवसभर वाळूच्या ढिगावर खेळत असायची. त्यांना टी-शर्ट आणि वडापाव द्यायचं ठरलं. मला हुकूम झाला की असा डाव बसवा ज्यात फक्त प्यादी मरतील. पटावर असा डाव जमवताना माझा जीव मेटाकुटीला आला. पटाबाहेर तो रोज विनासायास चालतो.

तरी मी सोडून का गेले नाही? पारूमुळे. पारू म्हणजे वाळू चाळणाऱ्या पांडूची मुलगी, नऊ-दहा वर्षांची. पहिल्या तालमीला बाकीची पोरं दाखवलं तिथे मुकाट्यानं उभी राहिली. हिनं मात्र आधी विचारलं, "बाई, आमी फकस्त मरायचा काय?"

मला लाज वाटली. मी तिला सांगितलं की प्यादं मागे फिरत नाही, एकेक घर पुढे सरकतं, आणि शेवटच्या घरात पोचलं की ते वजीर होतं.

"कोनचा पन प्यादा?"

"कोणतंही."

"तिच्यासारका?" तिनं भाविकाकडे बोट केलं. भाविका पांढऱ्यांची वजीर होती.

"तिच्यासारखाच. पटावर दोन वजीर चालतात."

"मंग मला तो करा."

मी हो म्हणाले आणि तसाच डाव बसवला. पारूचं प्यादं कडेकडेनं शेवटच्या घरात पोचायचं, वजीर व्हायचं, आणि त्याच रांगेच्या दुसऱ्या टोकाला कोपऱ्यात अडकलेल्या काळ्या राजाला, म्हणजे उदयसिंहाला, तिथल्या तिथे मात. त्या दिवसापासून पारू तालमीला सगळ्यांच्या आधी येऊन आपल्या फरशीवर उभी राहायची. रेघेवर अंगठा गेला तरी तो आत ओढून घ्यायची.

अब्बांचा एक रिवाज मी क्लासात पहिल्या दिवसापासून पाळायला लावला होता. मात झाली की हरलेल्यानं आपला राजा आपल्या हातानं आडवा करायचा. तो उभा करण्याचा मान जिंकलेल्याचा. तोवर पटाला कोणी हात लावायचा नाही, मग तो दुकानाचा मालक का असेना. मुलांना हे फार आवडायचं. तालमीत आम्ही शेवटची चाल आणि राजाचं आडवं होणं मात्र तोंडीच सांगून सोडायचो, कारण उदयसिंहाचा मखमली अंगरखा मळेल, अशी घरून ताकीद होती.

रंगीत तालमीला विनिता मॅडमना पहिल्यांदा कळलं की मात पारू देणार आहे.

"ही वजीर? मग भाविका काय?"

"तीही वजीर."

"एका राजाला दोन वजीर? काही लॉजिक?" सगळ्यांनाच वजीर करायला निघालेली हीच ती बाई. "हे बघा, ती पोचली की टाळ्या वाजवू आणि तिला बाहेर बसवू. पुढे मात भाविका देईल. ड्रोन तेव्हा तिच्यावर असणार आहे. आणि मी गूगल केलंय, प्यादं उचलून बाजूलाच ठेवतात."

लाकडाचं प्यादं उचलतात, कारण लाकूड स्वतः बदलू शकत नाही. पण हे त्यांना सांगून काय उपयोग, पालथ्या घड्यावर पाणी. "बघू," एवढंच मी म्हणाले. हे सगळं पारूच्या डोक्यावरून चाललं होतं. ती मध्येच उभी होती. तिला कान आहेत हे मॅडमच्या लक्षातच आलं नव्हतं.

"मंग मी वजीर नाय?" त्या गेल्यावर तिनं विचारलं.

"शेवटच्या घरात पोचलीस की आहेस," मी म्हणाले. "ते कमिटी ठरवत नाही."

कार्यक्रमाच्या दिवशी अंगण भरलं. डोक्यावर ड्रोन घोंघावत होता. सोसायटीची मुलं जरीत घामाघूम होऊन उभी होती, आणि प्यादी एकेक करून मरत होती. मेलेल्या प्याद्याला भिंतीपाशी वडापाव मिळत होता, त्यामुळे त्यांची काही तक्रार नव्हती. पारूनं वड्याकडे एकदाही बघितलं नाही. एकेक घर पुढे सरकत ती शेवटच्या फरशीवर जाऊन थांबली.

"शाब्बास!" दयारामशेठ माईकवर म्हणाले. "आता प्यादा भायेर. भाविका, तू पुढं ये."

पारू हलली नाही. भाविकाही हलली नाही. तिनं पारूकडे पाहिलं, मग रांगेच्या त्या टोकाला उभ्या उदयसिंहाकडे पाहिलं, आणि तिचे डोळे मोठे झाले. तोवर उदयसिंहालाही ते दिसलं होतं. त्याच्या आणि पारूच्या मध्ये एकही मोहरा नव्हता.

"मॅडम," त्यानं मला विचारलं, "ती आता वजीर झाली ना? मग मला शह आहे."

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. विनिता मॅडम डोळे वटारून मान हलवत होत्या. अब्बांच्या दुकानात कोणी चाल फिरवायला लागलं की ते पट उलटा करून ठेवायचे, मग समोर कोणी का असेना. मी त्यांचीच मुलगी.

"हो, शह आहे," मी म्हणाले. "घर शोध."

त्यानं शोधलं. समोर त्याचीच प्यादी, एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला पारूची रांग. मध्ये पडायला कोणी आहे का, तेही पाहिलं. हत्ती, उंट सगळे पुढे गेले होते, त्यांच्या आयांना ते फोटोत पुढे हवे होते. उदयसिंहानं मुकुट काढून बाजूला ठेवला आणि तो मखमलीसकट फरशीवर आडवा झाला.

"आरं, पोराला काय झाला?" शेठ ओरडले.

"कट, कट!" विनिता मॅडम पटावर धावल्या. "आपण पुन्हा घेऊ! सगळे आपापल्या जागी. भाविका, तू जा आणि मात दे."

"कोणाला देऊ, मम्मा?" भाविका म्हणाली. "तो हरलाय ना आधीच."

शेठ स्वतः आले. "उठ रे बाला."

"नाही आजोबा. मला मात झालीय. तिनंच उठवायचं असतं."

"मी सांगताव ना, उठ!"

"तुम्ही कसं उठवणार? तुम्ही कुठे जिंकलात?"

खाडी बुजवणाऱ्या माणसाला एक पोर फरशीवरून उठवता येईना. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! माझा क्लास त्यापायी बंद झाला आणि तिथे आता झुंबा चालतो, पण त्या घटकेला मी सुवर्णशृंगला सगळं माफ केलं होतं. इतक्या रविवारांत दोन मुलं तरी बुद्धिबळ शिकली होती.

ड्रोन वर फिरतच होता. खाली लोक हसायला लागले होते. शेठनी इकडेतिकडे पाहिलं आणि शेवटी पटाच्या त्या टोकाला गेले.

"पोरी, उठव ग त्याला," ते हळूच म्हणाले.

पारूनं माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली नाही की हलवली नाही, चाल तिची होती.

"तुमी मला भायेर बोलला," पारू शेठना म्हणाली. "आता मायकात बोला, मी कोन हाय."

शेठनी विनिता मॅडमकडे पाहिलं. त्या चपलेकडे बघत होत्या. मग शेठनी खाकरून माईक तोंडापाशी नेला.

"पारू वजीर हाय," ते म्हणाले.

"जोरात बोला."

"पारू वजीर हाय!"

भिंतीपाशी बसलेली मेलेली प्यादी वडापाव टाकून उभी राहिली आणि टाळ्या पिटायला लागली. पारू कुठेही न थांबता, एका चालीत अख्खी रांग चालत गेली आणि तिनं राजाला हात दिला.