आठ वर्षांच्या मापाची पुतळी

मित्रांनो, मी एक जुनी पुतळी आहे. बहारीनला, मनामाच्या बाजारात जमालुद्दीनशेटचं कपड्यांचं दुकान आहे, त्याच्या माळ्यावर मी उभी असते. नाक उडालंय, डाव्या हाताची दोन बोटं गेलीत. उंची मात्र जशीच्या तशी आहे. आम्हा पुतळ्यांना वाढ नसते, आणि घोटाळा झाला तो त्यामुळेच.

मुंबईच्या एका कारागिराने स्वतःच्या आठ वर्षांच्या मुलीवरून मला प्लॅस्टरमध्ये घडवलं. चौऱ्याहत्तर साली मी बोटीने इथे आले. तेव्हा तेलाचा पैसा नुकताच खुळखुळू लागला होता. सित्राच्या तेलशुद्धीकरण कारखान्यातले कामगार पगार झाला की कंपनीच्या बसने येत आणि गावाकडच्या मुलींसाठी फ्रॉक घेत. मुली समुद्रापलीकडे, मग माप घ्यायचं कुणाचं? माझं! कुणी माझ्या खांद्याला वीत लावी, कुणी कमरेला पंचा गुंडाळून बघे. शेट म्हणत, दुकान मी नाही, ही पोरगी चालवते. मीही जरा चढून गेले होते, खोटं कशाला बोलू?

त्या गिऱ्हाइकांतलीच एक बेनिटा. वसईची, इथे एका हॉटेलात चादरी-टॉवेलांच्या खात्यात कामाला. तिची मॅग्डलीन गावी पॅट्रिशियामावशीकडे वाढत होती. बेनिटाला दोन वर्षांनी एकदा लीव्ह मिळे. चौऱ्याऐंशीच्या नाताळात तिने लेकीला पाहिलं, तेव्हा पोर सहा वर्षांची होती. शहाऐंशीत पुन्हा जायचं, तर नोव्हेंबरात सौदीला जोडणारा पूल खुला झाला. गुरुवार-शुक्रवारच्या सुट्टीला तिकडून मोटारींची रीघ लागली, हॉटेलच्या खोल्या भरल्या आणि बेनिटाची लीव्ह खलास. पुढच्या मे महिन्यात मॅग्डलीनचं पहिलं कम्युनियन होतं, चर्चमधला पांढरा फ्रॉक घालून करायचा मोठा विधी. तेव्हा तरी सोडा म्हणून तिने मिनतवाऱ्या केल्या. तरीही नाहीच.

आपण नाही तर निदान आपण घेतलेला फ्रॉक त्या दिवशी तिच्या अंगावर असावा, आणि तो नीट बसावा, एवढीच तिची धडपड उरली. ती दुकानात आली, पांढरा लेसचा फ्रॉक मला घातला आणि मला जवळ ओढून घेतलं. शेट म्हणाले, एक नंबर मोठा न्या, पोरं भराभर वाढतात.

"माझ्या पोरीचं माप मला कळत नाय काय?" बेनिटा म्हणाली. "बारीक चणीची आहे ती. एवढीच असेल."

मला सांगायचं होतं, बाई, मी गेली तेरा वर्षं आठ वर्षांचीच आहे, माझ्यावर विसंबू नको. पण प्लॅस्टरला वाचा कुठली? हॉटेलातला बर्नार्ड गावी निघाला होता. त्याच्याबरोबर फ्रॉक गेला.

जूनमध्ये फोटो आला. तो घेऊन बेनिटा दुकानात आली. फ्रॉक गुडघ्याच्या वरच राहिला होता, म्हणून मावशीने खाली दुसऱ्या कापडाची पट्टी जोडली होती आणि ती पट्टी लांबूनही दिसत होती. फोटोच्या मागे मॅग्डलीनने लिहिलं होतं, "मम्मी, फ्रॉक छान आहे. मी आता मोठी झाले."

बेनिटाने माझ्या डोक्यावर हात ठेवला. मग तो हळूहळू वर नेला. कुठे थांबवायचा ते तिला कळेना. शेट तोंड फिरवून उगाच कापडाच्या घड्या घालत राहिले.

पुलावरून येणारी माणसं आपली मुलं बरोबरच आणतात. फ्रॉक थेट मुलीच्या अंगावर चढवून बघतात. शेटनी माझ्या जागी मोठा आरसा लावला आणि मला वर ठेवलं. धंदा चौपट झालाय म्हणे. मला खालचे फक्त आवाज ऐकू येतात, आणि मला फार एकटं वाटतं.

मित्रांनो, तुमची आई किंवा बाबा दूर देशी असतील, तर एवढं करा. भिंतीला पाठ लावून ताठ उभे राहा, डोक्यापासून टाचेपर्यंत एक दोरा मोजून घ्या आणि पत्रात घालून पाठवा. दर वाढदिवसाला नवा पाठवा. तुम्ही केवढे झालात हे तुमच्या आईला माझ्यासारखीला विचारावं लागू नये.