वाचलेलं मानावं

अंबरीशची इकडच्या विधानसभेतली हिंदी भाषणं आणि प्रश्न वर्षभर मी लिहून दिले, हे आठवलं तरी मला शिसारी येते. शाळेत मी त्याला हिंदी शिकवलं होतं. आमदार झाल्यावर पेढे घेऊन अवधपुरीतल्या घरी आला, पाया पडला आणि म्हणाला, "मॅडम, लिहायचं तुम्ही, बोलायचं मी." मी हुरळले. बदल्यात एकच मागितलं. आमच्या कॉलनीच्या तोंडाशी असलेली नाल्यावरची पुलिया, म्हणजे छोटा पूल, पावसाळ्यात खचली होती, ती बांधून हवी होती. माझ्या नवऱ्याचं, विश्वासचं, हृदय अधू. ॲम्ब्युलन्सला पार मागच्या वस्तीतून वळसा घालून यावं लागे.

बजेटच्या अधिवेशनात प्रश्न लागला. सरकारचं उत्तर आलं, "जानकारी एकत्रित की जा रही है." डोंबलाची जानकारी! नाल्यावर येऊन बघा की. त्याच अधिवेशनात अंबरीशने मी न लिहिलेले शेर म्हणत मंत्र्यांची आरती ओवाळली. पावसाळी अधिवेशन तर आमचा प्रश्न येण्याआधीच गुंडाळलं.

हिवाळ्यात त्याने शून्यकाळात सूचना दिली. मी पास काढून गॅलरीत जाऊन बसले. निघताना विश्वास म्हणाला होता, "नीट ऐक हं, माझ्याच छातीचा प्रश्न आहे." खाली शेवटच्या बाकावर अंबरीश शेजाऱ्याशी खिदळत होता. अध्यक्षांनी भराभर नावं घेतली आणि म्हणाले, "सूचनाएँ पढ़ी हुई मानी जाएँगी." झालं! माझं एक अक्षरही कुणी वाचलं नाही, आणि अंबरीशने खुशाल बाक वाजवला.

"मॅडम, रेकॉर्ड में आ गया ना!" बाहेर भेटल्यावर तो म्हणाला. तेव्हाच त्याच्या थोबाडीत द्यायला हवी होती.

जानेवारीत, भर दुपारी, विश्वासच्या छातीत कळ आली. नाल्यापलीकडून सायरन ऐकू आला. तो थांबला, मग लांब लांब जात राहिला. वळसा घालून गाडी दारात पोचली तेव्हा माझ्या हातातला विश्वासचा हात गार पडला होता.

तेराव्याला अंबरीश फोटोवाल्याला घेऊन आला. तसबिरीला हार घातला, फोटो नीट आला का ते पाहिलं आणि माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "बजेट सत्र लगने वाला है, मॅडम. या वेळी पुलियाचा मुद्दा जोरात उचलतो. तुम्ही फक्त लिहून द्या. त्यात सरांचं नाव टाका, असर पडेल."

माझं डोकं सणकलं. एवढा निलाजरा मुलगा मी वर्गात पहिल्या बाकावर बसवला होता.

"लिहिलं असं मान, अंबरीश," मी म्हणाले. "तू बोललास असंही मान. पुलिया झाली असं मान. आणि आता जाताना वळसा घालू नकोस. गाडी सरळ नाल्यावरून घाल."

तो चपला शोधू लागला. ड्रायव्हरने गाडी वळवली आणि मागच्या वस्तीच्या रस्त्याला लावली.